फोनची होम स्क्रीन कशी लावावी: समोर काय ठेवायचं, आत काय टाकायचं

सासूबाईंचं वय ७६. नारायण पेठेतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात दिवे गेले तरी त्यांचं काही अडत नाही. मिसळणाच्या डब्यात हळद कुठे आणि मोहरी कुठे, हे त्यांच्या हाताला माहीत असतं. गेल्या श्रावणात मात्र फोन अडला. लँडलाइनवरून मला विचारलं, “अगं, ते हिरवं गेलं कुठं?” हिरवं म्हणजे व्हॉट्सॲप. मी कोथरूडहून पोचेपर्यंत त्या जवळच्या एका दुकानात जाऊन ‘सॉफ्टवेअर दुरुस्ती’चे ३०० रुपये देऊन आल्या होत्या. प्रत्यक्षात आयकॉन दुसऱ्या पानावर सरकला होता, एवढंच.

पैसे गेल्याचं वाईट वाटलंच, पण त्यांचं पुढचं वाक्य जास्त लागलं: “मला नाही जमायचं आता हे.” ज्या बाईने चाळीस वर्षं एवढा मोठा संसार हाताखालून घातला, तिला फोन जमत नसेल तर फोनची मांडणी चुकली आहे, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही ठामपणे वाटतं. तेव्हापासून घरातल्या आणि सोसायटीतल्या बऱ्याच जणांचे फोन लावून दिले. त्यातून हाती आलेली पद्धत इथे सविस्तर लिहिते आहे.

सगळी पद्धत एका प्रश्नावर उभी आहे. एखादी गोष्ट डोळ्यासमोर ठेवली की ती जागा खाते आणि लक्षही खाते. आत ठेवली की ती कुठे आहे हे लक्षात ठेवावं लागतं. कुठलीही होम स्क्रीन या दोन्हींतून सुटत नाही. मिसळणाच्या डब्यात सात वाट्या असतात, बाकीचं फडताळात आणि सणासुदीचं माळ्यावर. फोनमध्ये आपण बहुतेक वेळा सगळा माळाच ओट्यावर आणून ठेवतो.

आधी प्रकार ओळखा

२००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा सगळी ॲप एका जाळीत समोर होती आणि खाली चारांची पट्टी. पुढच्याच वर्षी आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनने वेगळी वाट धरली: निवडक गोष्टी समोर, बाकी सगळं एका खणात. हाच ॲप ड्रॉवर. २०१० मध्ये विंडोज फोनने आयकॉनऐवजी हलती-बोलती चौकोनी टाइल्स आणल्या. तो फोन टिकला नाही, पण उघडण्याआधीच माहिती दिसावी ही कल्पना विजेटमध्ये, म्हणजे होम स्क्रीनवरच माहिती दाखवणाऱ्या चौकटीत, जगली. २०२० मध्ये आयओएस १४ ने होम स्क्रीनवर विजेट आणि शेवटच्या पानानंतर ॲप लायब्ररी दिली, तेव्हा दोन्ही वाटा बऱ्यापैकी जवळ आल्या.

आज सामान्य माणसासमोर साधारण चार पर्याय आहेत.

पहिला, सगळं समोर. लपलेलं काही नसतं, म्हणून नवख्याला धीर येतो. पण ॲप साठ-सत्तरवर गेली की चार-पाच पानं होतात आणि प्रत्येक वेळी पानं उलटत बसावं लागतं. शाओमीच्या फोनांत याला ‘क्लासिक’ म्हणतात, सॅमसंगमध्ये ‘होम स्क्रीन ओन्ली’.

दुसरा, एक पान आणि मागे खण. माझ्या मते बहुतेकांना हाच योग्य. तोटा एकच, पण तो खरा आहे: बोट वर सरकवलं की खण उघडतो हे पडद्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. ज्याला कुणी दाखवलं नाही त्याच्यासाठी आतली ॲप नसल्यासारखीच. आयफोनच्या ॲप लायब्ररीत आणखी एक अडचण: तिथले गट फोन स्वतः पाडतो, ते आपल्याला बदलता येत नाहीत.

तिसरा, विजेटवाली मांडणी. कॅलेंडर, हवामान, यादी न उघडता दिसते. जागा मात्र मोठी जाते.

चौथा, नुसती अक्षरांची यादी. नायगारा किंवा ओलाँचरसारखे लाँचर, म्हणजे होम स्क्रीन चालवणारी ॲप, आयकॉनची जाळी काढूनच टाकतात. यावर पुढे बोलू, कारण माझ्या मुलाने तो महिनाभर वापरला.

याशिवाय ज्येष्ठांसाठी खास सोपी मांडणी असते. सॅमसंगमध्ये डिस्प्ले सेटिंगमधला इझी मोड, शाओमीत लाइट मोड, आयफोनवर २०२३ च्या आयओएस १७ पासून असिस्टिव्ह ॲक्सेस. मोठे आयकॉन, मोठी अक्षरं, कमी गर्दी. ज्यांना दिसायला फार त्रास होतो किंवा विसरायला होतं, त्यांना याचा खरोखर आधार आहे. पण विचारल्याशिवाय लावू नका. सासूबाईंना मी इझी मोड लावून दिला तर त्या म्हणाल्या, “मला काय बालवाडीत बसवलंस?” माणसाचा मान ही पण मांडणीतली एक बाजू आहे, आणि ती मी त्या दिवशी विसरले होते.

पायरी १: आठ दिवस काही हलवू नका

आधी मोजा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग आहे, आयफोनवर स्क्रीन टाइम. अँड्रॉइडवर वेळेपेक्षा ‘किती वेळा उघडलं’ हा आकडा बघा. आयफोनवर तो थेट मिळत नाही, तिथे फोन उचलल्यावर आधी काय उघडलं (‘पिकअप्स’) ते बघा. यूट्यूब तासभर चालतं पण दिवसातून दोनदाच उघडतं. यूपीआयचं ॲप दहा सेकंदच चालतं, पण चहावाला, भाजी, रिक्षा, औषधं धरून सात-आठ वेळा उघडतं. पुढची जागा वारंवार लागणाऱ्याची, जास्त वेळ चालणाऱ्याची नव्हे.

सोबत एक कागद ठेवा आणि जिथे शोधाशोध झाली तिथे एक ओळ लिहा. माझ्या कागदावर होतं: ‘मेट्रोचं तिकीट, वनाझच्या जिन्यात शोधलं’, ‘टॉर्च’, ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो’. तिसरी गोष्ट ॲप नव्हतीच. ती आकड्यांत कधीच दिसली नसती.

पायरी २: माणूस फोन कसा धरतो ते बघा

ही पायरी लोक गाळतात आणि सगळं इथेच बिघडतं.

२०१३ मध्ये मोबाइल डिझाइनचे अभ्यासक स्टीव्हन हूबर यांनी सार्वजनिक जागी फोन वापरणाऱ्या लोकांच्या १३३३ नोंदी घेतल्या. त्यात पडद्याला बोट लावून काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे, ४९ टक्के, एकाच हाताने फोन वापरत होते. तेव्हापासून पडदे वाढले, अंगठा तेवढाच राहिला. पीएमपीएमएलच्या बसमध्ये एका हाताने दांडी धरून उभं राहिलात की हे पटतं. उजव्या हाताच्या अंगठ्याला खालचा अर्धा पडदा सहज मिळतो आणि वरचा डावा कोपरा सगळ्यात लांब पडतो. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम इथे कामाचा आहे: लक्ष्य जितकं लांब आणि लहान, तितका हात तिथे पोचायला वेळ लागतो.

आता गंमत बघा. आयफोनवर कित्येक वर्षं आयकॉन वरच्या डाव्या कोपऱ्यातूनच भरत यायचे, मधे रिकामी जागा सोडता येत नव्हती. म्हणजे पहिलं ॲप सगळ्यात अवघड जागी. २०२४ च्या आयओएस १८ पासून आयकॉन हवा तिथे ठेवता येतो. अँड्रॉइडवर ही सोय पहिल्यापासून आहे, तरी बरेच जण वरूनच भरत येतात.

तेव्हा वरचा अर्धा भाग बघायच्या गोष्टींना द्या: घड्याळ, कॅलेंडर, विजेट. खालचा अर्धा दाबायच्या गोष्टींना. आमचे भाऊजी डावखुरे आहेत. इलेक्ट्रिकची कामं करत हडपसर ते हिंजवडी स्कूटरवर फिरतात, एका हातात कायम पक्कड किंवा वायर. त्यांची सगळी मांडणी मी आरशात पाहिल्यासारखी उलटी लावली. फोन आणि नकाशा डाव्या खालच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, “वहिनी, हे आधी का नाही कुणी सांगितलं?”

सासूबाईंच्या बाबतीत वेगळंच निघालं. मी म्हटलं, “आई, दाखवा बरं कसं दाबता ते.” त्यांनी डाव्या हातात फोन आडव्या थाळीसारखा धरला, उजव्या हाताची तर्जनी आयकॉनवर ठेवली आणि ठेवूनच राहिल्या. दारावरची बेल दाबून ठेवावी तशी. फोनला वाटलं, आयकॉन हलवायचा आहे. तो उचलला गेला. बोट जरा थरथरलं, आयकॉन कडेला गेला, पान उलटलं, बोट उठलं, आयकॉन तिथेच पडला. त्या ३०० रुपयांचं कारण हेच. त्यांनी चुकीचं काहीच केलं नव्हतं.

यावर दोन उपाय आहेत, दोन्ही करा. अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘टच अँड होल्ड डिले’ असतो, तो जास्त वेळेचा निवडा. आणि मांडणीला कुलूप लावा: सॅमसंग आणि शाओमीत होम स्क्रीनच्या सेटिंगमध्ये ‘लॉक होम स्क्रीन लेआउट’ असं बटण आहे. कुलूप लावलं की आयकॉन हलत नाही, पुसलाही जात नाही. त्याची किंमत एवढीच की पुढच्या वेळी तुम्हालाच आधी ते काढावं लागतं. आयफोनवर असं कुलूप नाही. तिथे ॲक्सेसिबिलिटीमधल्या ‘टच अकोमोडेशन्स’मध्ये स्पर्शाची वेळ बदलून बघा.

पायरी ३: खालची पट्टी ठरवा

खालची पट्टी, म्हणजे डॉक, प्रत्येक पानावर तशीच राहते. पुण्यातल्या साध्या दिवसाला माझी शिफारस: फोन, व्हॉट्सॲप, यूपीआय, कॅमेरा. ब्राउझर तिथे बहुधा आधीच बसवलेला असतो, तो उठवा.

यूपीआयसाठी एक छोटी युक्ती. अँड्रॉइडवर त्या ॲपच्या आयकॉनवर बोट दाबून धरलं की छोटी यादी उघडते, बऱ्याच ॲपमध्ये त्यात ‘स्कॅन’ असतं. तेच ओढून होम स्क्रीनवर ठेवा. एका टिचकीत स्कॅनर उघडतो. मंडईत एका हातात पिशवी असताना ही एक पायरी वाचली तरी मागचा माणूस खोळंबत नाही. आयफोनवर यादी दिसते पण ती ओढून बाहेर काढता येत नाही.

घरच्यांना थेट फोन लावायचा असेल तर विजेटच्या यादीत ‘डायरेक्ट डायल’ मिळतं. संपर्काला फोटो जोडलेला असला की नातवाचा चेहराच बटण होतं. धोका एवढाच, चुकून हात लागला तरी फोन लागतो. म्हणून ही बटणं दुसऱ्या आयकॉनला खेटून ठेवू नका, मधे एक घर रिकामं सोडा.

पायरी ४: जाळी किती दाट, नावं ठेवायची की काढायची

चार रांगा की पाच, म्हणजे एका आडव्या ओळीत चार आयकॉन की पाच? मराठीत फोन वापरणाऱ्यांनी चारच ठेवा. पाच रांगांत ‘कॅल्क्युलेटर’चं ‘कॅल्क्यु…’ होतं. अक्षरं मोठी केली की आणखी तुटतं. अँड्रॉइडवर अक्षरांचा आकार आणि ‘डिस्प्ले साइझ’ ही दोन वेगळी बटणं आहेत. नुसती अक्षरं फुगवण्यापेक्षा दोन्ही एकेक पायरी वाढवून बघा, तोल चांगला राहतो.

नावं काढून टाकली की पडदा सुंदर दिसतो, हे खरं. पण गूगलने २०२० मध्ये जीमेल, ड्राइव्ह, मीट, कॅलेंडर यांचे आयकॉन बदलून सगळ्यांना तेच चार रंग दिले. नावाशिवाय त्यातला कुठला कोण, हे मलाही क्षणभर थांबून बघावं लागतं. सगळे आयकॉन एकाच रंगात रंगवायची सोय अँड्रॉइडवर आणि आयओएस १८ वरही आहे. दिसायला छान, पण सासूबाईंसारखं ‘हिरवं’ म्हणून ओळखणाऱ्याचा आधारच त्यात जातो. माझं मत स्पष्ट आहे: ज्येष्ठांच्या फोनवर नाव आणि मूळ रंग, दोन्ही राहू द्या.

वॉलपेपरला नातवंडांचा फोटो सगळ्यांनाच हवा असतो, आणि त्याच्या गालावर आयकॉन बसतात. फोटो लॉक स्क्रीनला लावा, होम स्क्रीनला साधा गडद रंग. अक्षरं ठळक दिसतात. पडदा ओलेड असेल तर काळ्या भागाला वीज जवळजवळ लागत नाही, तेवढी बॅटरीही वाचते. एलसीडी पडद्यात हा फायदा नसतो, कारण मागचा दिवा चालूच राहतो.

पायरी ५: फोल्डर

फोल्डर म्हणजे एक टिचकी जास्त आणि एक पान कमी. तीन-चारच करा आणि नावं कामाची द्या: ‘पैसे’, ‘प्रवास’, ‘दवाखाना’. ‘टूल्स’ किंवा ‘इतर’ अशा नावाचा फोल्डर करू नका, तिथे गेलेलं परत सापडत नाही. माझ्या ‘प्रवास’मध्ये मेट्रो, आपली पीएमपीएमएल, नकाशा, रिक्षा-कॅब आणि रेल्वे आहे. रोज लागणारं ॲप मात्र फोल्डरात घालू नका. मेट्रो मी शेवटी बाहेर काढली, कारण तिकिटाचा क्यूआर कोड गेटपाशी पोचण्याआधी उघडलेला हवा.

पायरी ६: विजेट

एका पानावर एक मोठं, फार तर दोन. अँड्रॉइडवर विजेटचं ठरावीक वेळेने होणारं अद्ययावत अर्ध्या तासापेक्षा लवकर होत नाही, ॲपने स्वतःची वेगळी सोय केली असेल तरच होतं. त्यामुळे हवामानाच्या विजेटवर ऊन आणि खिडकीबाहेर सर, हे जूनमध्ये घडायचंच. कॅलेंडर आणि सामानाची यादी यांना विजेट शोभतं, कारण ते मिनिटामिनिटाला बदलत नाहीत.

दुसरी गोष्ट खासगीपणाची. गर्दीच्या मेट्रोत शेजारच्या बाईंनी माझ्या कॅलेंडरवर दवाखान्याची वेळ वाचून आपुलकीने चौकशी केली. त्या भल्या होत्या, पण त्या दिवसापासून तशा नोंदी मी दुसऱ्या पानावरच्या विजेटमध्ये ठेवते.

पायरी ७: बाहेरचा लाँचर लावायचा का?

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग डीफॉल्ट ॲप्स, मग होम ॲप, असं जाऊन लाँचर बदलता येतो. जुना पुसला जात नाही, हवा तेव्हा परत निवडता येतो, त्यामुळे करून बघायला भीती नाही. पण दोन गोष्टी आधी तपासा. काही फोनांत बाहेरचा लाँचर लावला की सरकवून चालणारे जेश्चर नीट चालत नाहीत. आणि दोन टिचक्यांनी पडदा बंद करण्यासारख्या सोयींसाठी काही लाँचर ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात. ती दिली की काही बँकांची ॲप सुरक्षेच्या कारणाने उघडायलाच नकार देतात. मागितली तर नाही म्हणा.

मुलाची बारावी होती तेव्हा त्याने स्वतःहून यादीवाला लाँचर लावला. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर सहा नावं, बाकी काही नाही. कडेने बोट फिरवलं की अक्षराप्रमाणे ॲप येतात. पहिले दोन दिवस तो वैतागला, तिसऱ्या दिवसापासून हात बसला. सहज म्हणून काही उघडणं नक्की कमी झालं, कारण दिसतच नव्हतं. पण ज्या ॲपची खरी ओढ होती, ते त्याच्या बोटांनी आठवड्यात शोधलंच. लाँचर हात थोडा रोखतो, ओढ काढत नाही. महिन्याने त्याने ते ॲपच परीक्षेपुरतं काढून टाकलं, आणि खरा उपयोग त्याचा झाला.

मराठीत फोन वापरणाऱ्यांना यादीत एक अडथळा येतो. ‘घड्याळ’, ‘संपर्क’ देवनागरीत आणि बाकीची ॲप इंग्रजी अक्षरांत, त्यामुळे यादी दोन तुकड्यांत विभागते. ॲप शोधताना बऱ्याच फोनांत इंग्रजी अक्षरांत ‘कॅमेरा’ टाइप केलं तर देवनागरी नावाचा कॅमेरा येत नाही. शोधून ॲप उघडायची सवय असेल तर कीबोर्डमध्ये मराठी जोडून ठेवा.

पायरी ८: नवीन ॲपची वाट अडवा

हे केलं नाही तर दोन महिन्यांत पुन्हा पसारा होतो. अँड्रॉइडवर होम स्क्रीनच्या रिकाम्या जागी बोट दाबून सेटिंगमध्ये जा आणि नवीन ॲप होम स्क्रीनवर आपोआप येण्याचं बटण बंद करा. आयफोनवर ‘होम स्क्रीन अँड ॲप लायब्ररी’मध्ये ‘ॲप लायब्ररी ओन्ली’ निवडा.

ज्येष्ठांच्या फोनवर खालची तीन बटणं, मागे, होम आणि अलीकडची ॲप, परत आणा. नेव्हिगेशनच्या सेटिंगमध्ये ती मिळतात. पडद्याची थोडी जागा जाते, पण हरवल्यासारखं वाटलं की दाबायला घराचं बटण दिसत राहतं. त्यांच्या फोनमध्ये आपत्कालीन माहितीही भरून ठेवा, रक्तगट आणि दोन नंबर. लॉक उघडल्याशिवाय ती दिसते.

पायरी ९: स्क्रीनशॉट घ्या आणि पंधरा दिवस हात लावू नका

मांडणी झाली की प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढून घरातल्या दुसऱ्या कुणाला पाठवा. अपडेटनंतर किंवा फोन बदलल्यावर तेवढ्यावरून सगळं परत लावता येतं, आणि “ते दुसऱ्या ओळीत डावीकडे आहे बघा” असं फोनवरून सांगताही येतं.

पहिले चार-पाच दिवस हात जुन्या जागी जाईल. लगेच बदलू नका. प्रत्येक बदलाबरोबर हाताची सवय पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पंधरा दिवसांनी कागद काढा, ज्याला बोटही लागलं नाही ते आत टाका, जे तीनदा शोधावं लागलं ते बाहेर आणा.

सासूबाईंच्या पानावर आता अकरा आयकॉन आहेत, चार रांगांची जाळी आणि कुलूप. त्याचा प्रिंट काढून मी फ्रिजवर चुंबकाने लावला आहे. परवा गेले तर त्यावर पेनाने एक बाण काढलेला दिसला. पंचांग त्यांना वरच्या ओळीतून खाली, यूपीआयच्या शेजारी हवं आहे. रविवारी कुलूप काढून ते हलवायचं आहे.